आपल्या उंचीची शहरं

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात साहेबांनी नवरदेवाला भर मांडवात पगार विचारला. अक्षता अजून त्याच्या केसांत अडकलेल्या होत्या. तो बिचारा लाजून म्हणाला, "आहे बरा." साहेबांनी त्याचा हात सोडलाच नाही.

"बरा म्हणजे कशाच्या मानानं? नाशिकच्या का जालन्याच्या?"

मावशीनं मला खांबाआड ओढलं. "कोण गं हा माणूस? तू बोलावलंस का ह्याला?"

"आमचे साहेब आहेत. ते सगळ्यांनाच विचारतात."

खरंच सगळ्यांना विचारायचे. बसच्या कंडक्टरला, दवाखान्यातल्या नर्सला, बँकेच्या दारातल्या शिपायाला. विचारताना आवाजात आगाऊपणा नसायचा. डॉक्टर जसा नाडी धरून दुसरीकडं बघत राहतो, तसं काहीतरी ते करायचे. माणसं रागवायची आणि मग सांगून टाकायची. ऐकलं की साहेब एकच म्हणायचे, "तौलनिक बघितलं तर..." आणि पुढं एखाद्या दुसऱ्या शहराचं नाव. त्यांच्या पाठीमागं ऑफिसात त्यांना सगळे 'तौलनिक'च म्हणत. त्यांना ते माहीत होतं. चालायचं.

वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी होती. मी तिथं पर्सोनेल विभागात लागले तेव्हा साहेब त्या विभागाचे मॅनेजर होते. पन्नाशीच्या आसपासचे, बुटके, रुंद खांद्यांचे. दर तीन वर्षांनी कंपनीचा आणि युनियनचा पगाराचा करार व्हायचा. करारात भांडण एकाच गोष्टीवर असतं: बाकीच्या शहरांत काय देतात? ते शोधून आणायचं काम साहेबांचं. बाकीच्या कंपन्यांत हे काम टेबलावर बसून, फोन फिरवून होई. साहेब एसटीनं जात. नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर. पुण्याला आणि मुंबईला ते चुकूनही जात नसत.

"आपल्या उंचीच्या माणसाशी उंची मोजावी, बेटा," ते मला म्हणाले होते. "हत्तीशेजारी उभं राहिलं तर घोडं आणि शेळी सारखीच दिसतात."

ह्या शहरांबद्दल ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. नाशिक थोरला भाऊ, त्याच्याकडं मुंबईचं येणंजाणं. कोल्हापूर स्वाभिमानी जावई, मागत नाही आणि कमी घेत नाही. सोलापूर म्हणजे गिरण्या बंद पडल्यापासून ओसरीवर बसून राहिलेला काका. त्याच्यासमोर पगाराचा विषय काढू नये. आणि औरंगाबाद? तेव्हा गावाचं नाव औरंगाबादच होतं. "आपलं धाकटं पोरगं. अंगानं भराभरा वाढलं, सदरा मात्र तोच."

प्रत्येक शहरात ते आधी केस कापून घेत. न्हावी खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. गिऱ्हाईक किती दिवसांनी येतं, दाढी घरी करतं का खुर्चीत, उधारी पगाराच्या दिवशी फेडतं का त्याच्या पुढच्या आठवड्यात, हे न्हाव्याइतकं कुणाला कळत नाही. सर्व्हे चालू असले की साहेबांच्या डोक्यावरचे केस दर खेपेला कमी होत जात. शेवटी टाळूची कातडी दिसायला लागायची आणि आम्ही ओळखायचो, चार शहरं झाली.

न्हाव्यानंतर कारखान्याचं गेट. सकाळच्या पाळीला ते समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहत आणि आत जाणाऱ्या गाड्या बघत. एकदा नाशिकला मला बरोबर नेलं होतं. भल्या पहाटेच्या गाडीनं निघालो होतो, मी पेंगत होते. त्यांनी मला कोपरानं हलवलं. "बघ. मागल्या खेपेला इथं निम्म्या सायकली होत्या. आता लुना किती आल्या बघ. स्कूटरी पण. पगारवाढ कागदावर नाय दिसत, सायकल स्टँडवर दिसते."

"आणि आपल्याकडं, साहेब?"

"आपल्याकडं सायकलीला नवी सीट लागली."

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी त्याच दिवशी परतीच्या गाडीत सांगितलं. त्यांचे वडील निजामाच्या काळात वैजापूरच्या तहसिलीत कारकून होते. उर्दूतून कागद लिहिणारे. पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, तरी निजामाचा रुपया आणखी काही वर्षं चालत राहिला. त्याला हाली म्हणत. हिंदुस्थान सरकारच्या रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशोब. मग एके महिन्यात वडिलांचा पगार कलदारात आला. सत्तरचे साठ झाले. साहेब तेव्हा शाळेत जायला लागले होते. आईनं नोटा दोनदा मोजल्या आणि चुलीपुढं बसून राहिली.

"आई म्हणाली, राज्य आपलं आलं आणि तनखा कमी झाला? बाप म्हणाला, कमी कुठं, तेवढीच आहे, रुपया मोठा झालाय. दोघं रात्रभर भांडले. दुसऱ्या दिवशी आईनं मला दुकानात पाठवलं. वाणी आधी ज्या डाळीला हाली रुपया घ्यायचा, त्याच डाळीला आता कलदार रुपया मागत होता. म्हणाला, रुपया म्हणजे रुपया." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "म्हणजे बापाचं बरोबर होतं आणि आईचंही. बापाचा आकडा खरा, आईचा बाजार खरा. त्या घरात ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाय. बाप चिडून आईवर हात उचलायचा. साठ रुपयांपायी."

एवढं बोलून ते झोपले. मी मात्र जागी राहिले.

साहेबांचं घर सिडकोत, माझ्या घरापासून चालत जाण्याजोगं. मूलबाळ नव्हतं. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ह्या फिरतीचा वीट आला होता. औरंगपुऱ्यात साडी घ्यायला गेल्या की साहेब दुकानदाराशी सोलापूरच्या विणकराची मजुरी काढून बसत आणि साडी राहून जाई. "ह्यांच्या डोक्यात चार गावं राहतात," त्या म्हणायच्या, "त्यात मला खोली नाही."

साहेब माणूस म्हणून मऊ होते, असं मी म्हणणार नाही. एखाद्याच्या घरचं दुखणं ऐकतानाही ते मध्येच औषधाचा खर्च विचारत. कामगार तरीही त्यांच्याकडं येत. नाशिकहून बोलावणं आलंय, जाऊ का? पुतण्याला कोल्हापूरच्या फाउंड्रीत लावतो म्हणतात, पाठवू का? साहेब खोलीभाडं, शाळेची फी, गावाकडून येणारं धान्य, आईबापाकडं जायचं एसटीचं तिकीट असं सगळं धरून उत्तर देत. उत्तर बहुतेकदा एकच असे: थांब. इथंच थांब. आज कमी वाटतंय, पण ह्या गावाचा पगार नाशिकच्या मागोमाग वाढणार आहे. त्यांच्या सांगण्यावरून किती जण थांबले, कोण जाणे.

थांबलेल्यांत एक आमच्या युनियनचे अध्यक्ष होते. त्यांना सगळे नावानं न हाकारता अध्यक्षच म्हणत. देवगाव रंगारीचे, घरची थोडी जमीन भावाच्या ताब्यात, स्वतः ग्राइंडिंग मशीनवर. त्यांच्या मशीनवरचा माल कधी परत आला नाही, असा त्यांचा लौकिक होता. उंच, मिशाळ, मोठ्या आवाजाचा माणूस. साहेबांवर त्यांचा विश्वास होता आणि त्याला कारणही होतं.

मी लागल्यानंतरचा दुसरा करार होता. वरच्या साहेब लोकांनी ठरवलं की ह्या वेळी तुलना जालना, परभणी आणि नांदेडशी करायची. आपण मराठवाड्यात आहोत, तर तुलना मराठवाड्याशीच. ऐकायला रास्त. पण तसं केलं असतं तर पगार होता तिथंच राहिला असता. बैठकीत साहेब उभे राहिले. मी कागद धरून मागं बसले होते.

"सर, तुम्ही माल नाशिकच्या भावानं विकता," ते म्हणाले, "आणि माणूस परभणीच्या भावानं घेता. कुणाशी तुलना करायची हे ठरलं की निकाल लागलेलाच असतो. मग सर्व्हे कशाला? मला पाठवू नका."

साहेबांनी मग शहरामागून शहर मांडलं. तीन वर्षांत कुठं पगार किती वाढला, महागाई किती, हातात उरलं काय. पुढच्या तीन वर्षांचा अंदाजही दिला. शेवटी करार त्यांच्याच आकड्यांवर झाला. गेटवर गुलाल उडाला. अध्यक्ष हार घेऊन केबिनमध्ये आले, तर साहेबांनी हात आडवा धरला.

"हार कशाचा? मी तुमच्या बाजूनं बोललो नाय. आकडा तुमच्या बाजूनं निघाला."

"एकच हाय की साहेब."

"एक नाय," साहेब म्हणाले. अध्यक्ष हसले आणि हार माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. सायकल स्टँडवर मोटारसायकली आल्या. अध्यक्षांनी वाळूजजवळच्या रांजणगावला दोन खोल्या बांधल्या. मग उत्तरेकडं, हिमालयाच्या पायथ्याच्या एका राज्यात सरकारनं नव्या कारखान्यांना कर माफ केला, आणि वरून साहेबांना बोलावणं आलं. आणखी एक शहर बघून या, आपल्याच उंचीचं आहे, एवढंच त्यांना सांगितलं.

साहेब गेले आणि बरेच दिवस राहिले. परत आले तेव्हा केस अगदी बारीक कापलेले होते. एरवी फिरतीवरून आले की दोन दिवस त्यांचं तोंड थांबायचं नाही. ह्या वेळी मी विचारलं, "कसं आहे गाव?" तर म्हणाले, "थंड आहे." दुपारी डबा खाताना आपणहून बोलले.

"बेटा, तिथं गेटवर सायकली पण नाहीत. पोरं चालत येतात. खेड्यांतून, लांबून. एका जागेला दहा उभी असतात आणि कुणी कुणाशी बोलत नाय."

मग त्यांनी डबा तसाच झाकला.

अहवाल लिहायचा होता. पगाराचे आकडे पक्के होते. तिथं आमच्या निम्म्याहून थोडं जास्त देऊन माणूस मिळत होता. एक रकाना मात्र साहेबांच्या अकलेवर सोडलेला होता: पुढच्या पाच वर्षांत तिथला पगार किती वेगानं वाढेल? वेगानं वाढणार असेल तर कंपनीला तिथं जाण्यात फायदा नव्हता. नसेल वाढणार, तर इथली मशिनं उचलून तिकडं नेणं स्वस्त होतं. हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. पण ते काही दूधखुळे नव्हते.

त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी अहवालाचं मराठी-इंग्रजी बघायला बसले होते. दार वाजलं आणि अध्यक्ष आत आले. बाहेर बातमी फुटली होती. त्यांनी चपला काढल्या, पण खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले.

"साहेब, मशिनं चालली म्हणं."

"मला तसं कुणी बोललं नाय."

"तुमी लिहिल्यावर चालली ना. सगळे तेच म्हणायलेत. तुमच्या कागदाची वाट बघायलेत वर." अध्यक्षांचा मोठा आवाज त्या दिवशी लहान होता. "पगाराचा आकडा तुमी बदला, असं मी म्हणत नाय. तेवढं कळतंय मला. पर पुढं किती वाढंल, तो तर अंदाजच हाय ना? लिहा की दोन वर्षात दुप्पट व्हईल. तिथं माणूस टिकत नाय म्हणून लिहा. अंदाजाला कोण धरतंय?"

साहेब म्हणाले, "मागच्या करारात तुमचा पगार माझ्या अंदाजावर वाढला. तेव्हा वरचे लोक म्हणाले, हा नुसता अंदाज आहे. तुम्ही काय म्हणाला होता, अध्यक्ष?"

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला.

"तुम्ही म्हणाला होता, साहेबांचा अंदाज म्हणजे दगडावरची रेघ."

"व्हय, म्हणलो होतो. आता पुसा म्हणतो. दीडशे घरं हायेत साहेब. माझी पोरगी बारावीला हाय. मी नाशिकला चाललो होतो, तुमी थांब म्हणलात म्हणून थांबलो. हाय का ध्यानात?"

"आहे."

अध्यक्ष पुढं सरकले आणि त्यांनी साहेबांचे पाय धरले. साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, लहान मूल घेतं तसे. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या नवऱ्याला सहसा काही सांगत नसत.

"अहो, लिहा ना," त्या म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

"माझंच जातंय," साहेब म्हणाले. "तिथं नाय वाढणार पगार. दहा वर्षं नाय वाढणार. मी त्या पोरांना बघून आलोय. मी दुप्पट लिहिलं, तर आजवर जे जे लिहिलं ते सगळं पाण्यात गेलं. ह्यांचा करार पण."

"करार घेऊन काय चाटायचाय का, मशीनच नसंल तर?" अध्यक्ष उठले. त्यांचे डोळे कोरडे होते. मला ते जास्त भीतिदायक वाटलं. चपला पायात सरकवून ते निघून गेले.

साहेबांनी त्या रकान्यात जे खरं वाटत होतं तेच लिहिलं. मी समोर होते.

त्यानंतर कामगारांची सभा झाली, ती मला कधी विसरता आली नाही. कंपनीचे एक डायरेक्टर आले होते. त्यांनी साहेबांचाच अहवाल हातात धरला आणि म्हणाले, "हे आमचं म्हणणं नाही. हे तुमच्याच साहेबांचं आहे. मागच्या वेळी ह्यांच्या आकड्यांवर तुम्ही पगारवाढ घेतलीत. आता त्यांचाच आकडा सांगतोय की इथं कारखाना चालवणं परवडत नाही." सगळी डोकी मागं वळली. साहेब शेवटच्या रांगेत उभे होते. पॅकिंगमधला एक जण ओरडला, "साहेब, खरं हाय का हे?"

त्यांनी मान खाली घातली असती तरी चाललं असतं. ते म्हणाले, "खरं आहे."

मशिनं ट्रेलरवर चढली तेव्हा माणसं गेटबाहेर उभी होती. कुणी घोषणा दिल्या नाहीत. अध्यक्षांचं ग्राइंडिंग मशीन ताडपत्रीत गुंडाळून गेलं. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं, आणि अध्यक्ष ट्रेलरच्या मागं थोडं धावले, ड्रायव्हरला हात करून ते टोक बांधायला लावलं आणि परत आले. मशीनला पाणी लागू नये म्हणून.

साहेबांना कंपनीनं तिकडं मोठी जागा देऊ केली होती. ते गेले नाहीत. मला शहरातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी लागली. साहेब घरी बसले, म्हणजे बसले नाहीतच. रोज सकाळी सिटी बसनं वाळूजला जायचे. एकेका कामगाराचं घर शोधायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, "आता किती मिळतं?"

कल्पना करा. ज्याच्या सहीनं नोकरी गेली असं सगळे मानत होते, तोच माणूस दारात. काही जणांनी दार लावून घेतलं. एका घरात म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "मढं मोजायला आलास का रं?" एकानं शर्ट धरला, शेजाऱ्यांनी सोडवलं. साहेब दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत. बरेच जण सांगायचेही. कुणी सोसायटीच्या गेटवर वॉचमन, कुणी शहागंजात हमाली करत होता, कुणी नुसता घरी. सभेत ओरडून विचारणाऱ्या त्या पॅकिंगमधल्या माणसानं पुढं रेल्वेखाली जीव दिला. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी साहेब जाऊन उभे राहिले आणि आत न जाता परत आले. ते मला काकूंनी सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी एकदा चिडून म्हणाले, "साहेब, कशाला छळता लोकांना? आणि स्वतःला?"

तेव्हा त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलेलं होतं. मधल्या आकाराच्या शहरांत आपल्या शहराचा सरासरी पगार कसा झपाट्यानं वाढतोय, अशी बातमी होती. त्यांनी ती माझ्याकडं सरकवली.

"ही बातमी खोटी नाय, बेटा. ज्यांना पगार आहे त्यांचा वाढलाच आहे. पगाराची सरासरी काढताना पगार नसलेला माणूस मोजतच नाहीत. कमी पगाराचे दीडशे बाहेर पडले की सरासरी वर जाते." त्यांनी वर्तमानपत्र परत ओढून घेतलं. "मी आयुष्यभर तशीच काढली. सोलापूरची पण. गिरणीतून बाहेर पडलेला एकही माणूस मी कधी धरला नव्हता. ओसरीवरचा काका म्हणून हसायचो."

त्यांची तब्येत त्या सुमारास खचायला लागली होती. बसनं जाणं बंद झालं. मी रविवारी जाऊन बसायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही.

अशाच एका रविवारी अध्यक्ष आले. त्या संध्याकाळनंतर त्यांनी ह्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मिशा पांढऱ्या झालेल्या, अंगावर मांस राहिलं नव्हतं. मध्यंतरी रिक्षा चालवली, ती बँकेनं ओढून नेली, एवढं मला ऐकून माहीत होतं. ह्या वेळी ते खुर्चीवर बसले.

"तिकडून बोलावणं आलंय, साहेब. त्या मशीनवर कुणाचा हात बसंना. माल परत येतोय म्हणं. ठेकेदारामार्फत चला म्हणतेत. पगार तिथल्या भावानं, त्यातनं ठेकेदाराचं कापून."

साहेबांनी डोळे मिटले. "किती?"

अध्यक्षांनी सांगितला. आमच्या कंपनीत त्यांना शेवटी मिळायचा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता, आणि मध्ये वर्षं गेली होती.

"तुमी ते गाव हिंडलात. म्हणून आलो. भागंल का तिथं?"

साहेब बोलायला लागले तेव्हा जुना आवाज आला. खोली चौघांत घ्या. गेटासमोर राहू नका, नदीपलीकडं भाडं कमी आहे. पीठ स्वस्त आहे, भाजी महाग. "एकट्याचं भागंल. घरी पाठवायला काय उरणार नाय. आणि थंडी. खऱ्या थंडीत मी तिथं नव्हतो, तिचा खर्च मी धरला नव्हता. रजई लागेल, गरम कपडे लागतील. माझी ती चूक झाली."

"मंग जाऊ नको म्हणता?"

"इथं काय आहे तुमच्याकडं?"

"काय नाय."

"मग मी काय म्हणणार."

काकूंनी चहा आणला. अध्यक्षांनी कप हातात घेतला आणि बशीवर नुसता फिरवत राहिले. पोरीचं बारावीनंतर शिकणं थांबलं होतं, घाईत एका घरी दिली होती, ती आता परत आली होती. हे सगळं त्यांनी बशीकडं बघत सांगितलं. मग त्यांनी वर बघितलं. रागाचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर. उलट समजूत घालायला आल्यासारखे वाटत होते.

"साहेब, एक विचारू? मी लई विचार केला ह्याचा. त्या दिशी तुमी माझ्या म्हणण्यापरमानं लिहिलं असतं, तरी कंपनी गेलीच असती. व्हय ना? त्यांनी आधीच ठरवलं होतं. तुमच्या कागदानं काय फरक पडणार होता?"

मी साहेबांकडं बघितलं. काकूंनीही बघितलं. दारात स्वतःहून चालत आलेली गोष्ट होती ती. नुसती मान हलवायची होती. मला वाटतं, अध्यक्ष चहाला नाही, भाड्याच्या चौकशीला नाही, ह्याचसाठी आले होते. दोघांच्याही गळ्यातलं लोढणं काढून टाकायला.

साहेब विचार करत होते. खरोखर हिशोब करत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"नाय," ते म्हणाले. "दुप्पट लिहिलं असतं तर दोन-तीन वर्षं थांबले असते. मी नंतर मांडून बघितलं. तुमच्या पोरीचं शिक्षण झालं असतं."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. ते उठले, दाराशी जाऊन चपला घालायला लागले. एका चपलेचा पट्टा मुडपला होता, तो त्यांनी वाकून नीट केला. मग उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी मागं बघितलं.

"एवढं एक तरी खोटं बोलायचं हुतं, साहेब," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.